हळद, अश्वगंधा आणि डॉक्टरांची चिठ्ठी

(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



१९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना हळदीने जखम भरून आणण्याच्या 'शोधा'चे पेटंट बहाल करण्यात आले. घराघरांत आजीने बोटाला कापले की हळदीची चिमूट दाबून धरायची, त्या हळदीचे पेटंट सातासमुद्रापलीकडे निघावे याचा संताप येणे स्वाभाविक होते. तथापि नुसत्या संतापाने ते पेटंट रद्द झाले नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला रीतसर आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील आणि आधुनिक नियतकालिकांतील बत्तीस संदर्भ पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ साली ते पेटंट मागे घेतले गेले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडार उभारण्याचे जे काम सुरू झाले, त्याची प्रेरणा या लढ्यातच होती.

या विजयाचा अर्धा भाग सर्वांच्या स्मरणात आहे, तो म्हणजे हळद आपली आहे. उरलेला अर्धा भाग मात्र विस्मरणात गेला. तो असा, की हळद शरीरावर खरोखर परिणाम करते, ती केवळ श्रद्धेची बाब नाही, हेही त्या लढ्यात जगापुढे मांडले गेले. आता जे द्रव्य शरीरावर परिणाम करते, ते शरीरात आधीपासून असलेल्या दुसऱ्या औषधावरही परिणाम करू शकते. 'वनौषधीने गुण येतो' असे अभिमानाने सांगायचे आणि 'वनौषधीने अपाय मुळीच होत नाही' असेही लगेच म्हणायचे, या दोहोंचा मेळ बसत नाही. ज्याने कधीच काही होत नाही असे चूर्ण म्हणजे लाकडाचा भुसा. आयुर्वेदाचा गौरव करताना नकळत त्याला भुशाच्या पंगतीला बसवण्याचे काम आज अनेक जाहिराती करीत आहेत.

संयोगाचा विचार आयुर्वेदाला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहारातील विरोधाचे अठरा प्रकार गणले आहेत. द्रव्ये एकेकटी गुणकारी असूनही एकत्र आली, चुकीच्या प्रमाणात आली, चुकीच्या काळी आली तर अहितकारक ठरतात, हे तेथे तपशिलाने सांगितले आहे. मध आणि तूप समभाग घेऊ नयेत, दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत, ही उदाहरणे घरोघरी ठाऊक असतात. शार्ङ्गधराने औषध घेण्याचे पाच काळ सांगितले. अनुपान म्हणून काय घ्यावे यासाठी तर स्वतंत्र विचार आहे. एवढा सूक्ष्म विवेक करणाऱ्या परंपरेचे वारस सकाळी एका मुठीत डॉक्टरांची गोळी, दुसऱ्या मुठीत दूरचित्रवाणीवर पाहून आणलेली कॅप्सूल आणि वर चहाचा घोट असे सारे एकदम घशाखाली उतरवतात, तेव्हा ते ना आधुनिक वैद्यक पाळतात, ना आयुर्वेद.

हा प्रश्न सर्वच औषधांच्या बाबतीत आहे. पण संप्रेरकांच्या बाबतीत तो अधिक नाजूक आहे. संप्रेरक म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेला निरोप. थायरॉईड, स्वादुपिंड, अधिवृक्क, बीजांडकोश या ग्रंथी असे निरोप रात्रंदिवस धाडत असतात आणि ते अत्यल्प मात्रेत असतात. थायरॉईडची जी पांढरी बारीक गोळी असंख्य घरांत पहाटे घेतली जाते, तिच्यातील थायरॉक्सिनचे वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी असेल तर एक ग्रॅम थायरॉक्सिनमध्ये अशा वीस हजार गोळ्या होतील. यावरून त्या गोळीत थोडासा फरक पडला तरी शरीराला तो का जाणवतो, याची कल्पना यावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील आठ शहरांतील प्रौढांच्या पाहणीत सुमारे अकरा टक्के व्यक्तींमध्ये थायरॉईडची उणीव आढळली होती. म्हणजे कोणत्याही मोठ्या कुटुंबात एखादी काकू, आत्या, वहिनी हा विकार सांभाळीत असतेच.

या गोळीचे शोषण लहान आतड्यात होते, आणि ते फार लहरी असते. म्हणूनच ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. चहा-कॉफीसुद्धा त्यानंतरच. (आपल्याकडे पहाटेच्या चहाला औषधांतून वगळण्याची रूढी आहे, चहा म्हणजे जणू काही घेतलेच नाही असे समजतात. कॉफीने या गोळीचे शोषण घटते हे सिद्ध झालेले आहे.) लोह आणि कॅल्शियम यांच्याशी ही गोळी आतड्यातच बांधली जाते आणि रक्तात न जाता वाया जाते. त्यामुळे या दोहोंत आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवण्यास डॉक्टर सांगतात. रुग्ण ते पाळतातही. कॅल्शियमची गोळी दुपारी घेतात, लोहाची रात्री घेतात. परंतु आम्लपित्तासाठी सकाळीच घेतलेले शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळभस्म हे मुख्यत्वे कॅल्शियमच आहे, आणि पांडुरोगावर दिलेले मंडूरभस्म, लोहभस्म, पुनर्नवा मंडूर यांत लोह आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. डॉक्टरांना भस्मे ठाऊक नसतात, वैद्यांना त्या गोळीचा उल्लेख केलेला नसतो. पोट साफ होण्यासाठी घेतलेला इसबगोल आणि शक्तिवर्धक म्हणून घेतलेली सोयाबीनची पूड यांनीही हेच घडते. मग तीन महिन्यांनी तपासणीत टीएसएच वाढलेले दिसते, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि पुढे कधीतरी भस्म बंद झाले की वाढवलेली मात्रा जास्त होऊन छाती धडधडू लागते. दोष ना गोळीचा, ना भस्माचा. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली, एवढेच घडलेले असते, आणि घड्याळ पाहून ते टाळता येते.

अश्वगंधेची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तेथे केवळ घड्याळ पाहून भागत नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच आणि राजस्थानातील नागौर या भागांशी जिचे नाव जोडलेले आहे, त्या वनस्पतीचे मूळ दुधातुपाबरोबर देण्याची पद्धत होती. वैद्य नाडी पाहून, अग्नी पाहून, ऋतू पाहून ते देत आणि काही काळाने थांबवीत. आज ती तणावमुक्ती, निद्रा, पुरुषार्थ, स्मरणशक्ती अशा चार-पाच नावांनी, दाट अर्काच्या कॅप्सूलमध्ये मिळते आणि वर्षानुवर्षे घेतली जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात थायरॉईडची किंचित उणीव असलेल्या पन्नास व्यक्तींना आठ आठवडे अभ्यासिले गेले. ज्यांना रोज सहाशे मिलिग्रॅम मुळाचा अर्क मिळाला, त्यांच्यात थायरॉईडची संप्रेरके वाढली आणि टीएसएच उतरले. ही वार्ता 'अश्वगंधा थायरॉईडवर गुणकारी' अशा शीर्षकाने फिरली. ती आनंदाचीच आहे. पण जी व्यक्ती आधीच थायरॉक्सिनची गोळी घेत आहे तिच्यासाठी तिचा अर्थ वेगळा होतो. गोळी आणि अर्क दोघे मिळून तोल दुसऱ्या बाजूला ढकलू शकतात. आणि जिची ग्रंथी आधीच अतिरिक्त काम करीत आहे, जिला ती मंदावण्यासाठी कार्बिमाझोल दिले आहे, तिने अश्वगंधा घेणे म्हणजे एका हाताने लगाम खेचून दुसऱ्या हाताने घोड्याला टाच मारणे आहे. २००५ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अशी एक हकिकत नोंदवली होती. दीर्घकालीन थकव्यासाठी अश्वगंधेच्या कॅप्सूल घेणाऱ्या बत्तीस वर्षांच्या स्त्रीला थायरॉईडच्या अतिरेकाची लक्षणे झाली, आणि कॅप्सूल थांबवल्यावर ती ओसरली.

२०२३ साली डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. थायरॉईड, लैंगिक संप्रेरके आणि गर्भ यांवरील संभाव्य परिणामांचे कारण तेथील शासनाने दिले. त्यावर येथे बराच रोष व्यक्त झाला. बंदी हा टोकाचा मार्ग आहे आणि हजारो वर्षांच्या वापराकडे पाठ फिरवून तो स्वीकारला गेला, ही तक्रार रास्त आहे. परंतु रोषाचे उत्तर हळदीच्या लढ्यात उपयोगी पडले नव्हते, पुरावा पडला होता. या देशातच आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने वापरू नयेत, मूळच वापरावे, अशी सूचना केली होती. ग्रंथांत जे अंग सांगितले ते सोडून स्वस्त पडते म्हणून दुसरेच अंग वापरायचे आणि वेष्टनावर मात्र ऋषिमुनींची चित्रे छापायची, हा व्यवहार करणारे परदेशी नाहीत. पोथीचा अपमान कोण करतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

थायरॉईडच्याच संदर्भात कांचनार गुग्गुळाचा उल्लेख अपरिहार्य आहे. गळ्याच्या गाठींवर तो पूर्वापार दिला जातो. गुग्गुळावर आधुनिक काळात झालेले काम हा भारतीय विज्ञानाचा मानाचा भाग आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आधाराला घेऊन १९६६ साली प्रबंध सादर केला आणि तेथून रक्तातील चरबीवरील गुग्गुळाच्या औषधाचा प्रवास सुरू झाला. त्याच विद्यापीठात १९८०च्या दशकात गुग्गुळातील द्रव्य उंदरांमध्ये थायरॉईडला चेतना देते असेही आढळले. आणि १९९४ साली मुंबईतील संशोधकांनी निरोगी व्यक्तींवर प्रयोग करून दाखवले, की गुग्गुळाच्या अर्काबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलोल आणि डिल्टियाझेम या दोन गोळ्या रक्तात कमी पोहोचतात. त्यांतील प्रोप्रॅनोलोल ही थायरॉईडच्या अतिरेकात धडधड शमविण्यासाठी दिली जाते. म्हणजे ज्या रुग्णाची धडधड थांबवायची, त्याच्याच गोळीची ताकद गुग्गुळाने घटावी असा योग येऊ शकतो. हे संशोधन परक्यांनी आयुर्वेदाला कमी लेखण्यासाठी केलेले नाही. ते भारतीयांनी, भारतीय वैद्यकीय महाविद्यालयात केले, आणि तीस वर्षे होऊन गेली तरी ते औषधे विकणाऱ्यांपर्यंत पोहोचलेले नाही.

येथे एक गोष्ट कठोरपणे सांगणे आवश्यक आहे. ज्या व्यक्तीची थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे, तिला थायरॉक्सिनला पर्याय नाही. कोणतीही वनस्पती नसलेल्या ग्रंथीला चेतना देऊ शकत नाही. 'आयुष्यभर गोळी घ्यावी लागणार' या वाक्याने खचलेल्या रुग्णाला 'तीन महिन्यांत गोळी बंद' असे आश्वासन विकणारे गावोगाव भेटतात. गर्भवतीच्या बाबतीत तर हा खेळ दोन जिवांशी होतो. गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करू लागेपर्यंत, म्हणजे पहिले तीन महिने तरी, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते, आणि या काळात आईची गरज वाढते, घटत नाही. दिवस गेल्याचे कळताच 'आता गरम औषधे नकोत' म्हणून सासूबाईंनी मायेने गोळी बंद करविणे आणि गर्भ पोसण्यासाठी कोणा परिचिताने सांगितलेले चूर्ण सुरू करणे, यात कोणाचाही हेतू वाईट नसतो.

केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनचाही येथे ओझरता निर्देश करावा लागेल. ते वनौषधी नव्हे, जीवनसत्त्व आहे; पण 'नैसर्गिक' म्हणून वनौषधींच्याच फडताळात ठेवलेले असते. मोठ्या मात्रेत ते घेतले असता थायरॉईडच्या काही रक्ततपासण्याच चुकतात. ग्रंथी ठीक असूनही अहवाल अतिरेकाचा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी दोन दिवस ते थांबवावे आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे.

आता मधुमेहाकडे वळू. इन्सुलिन हेही संप्रेरकच. रात्रभर भिजवलेले मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण, गुडमार, यांपैकी काही ना काही मधुमेह्याच्या घरात असतेच. मेथी आणि गुडमार साखर उतरवतात, याला आधारही आहे. डॉक्टर जर केवळ मेटफॉर्मिन देत असतील, तर धोका तुलनेने कमी, कारण ते एकटे साखर सहसा प्रमाणाबाहेर उतरवत नाही. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते, आणि इन्सुलिनची सुई तर ते थेटच देते. या दोहोंबरोबर मेथीचे पाणी आणि गुडमार चालू असेल, आणि त्यात संकष्टी किंवा एकादशीचा उपवास आला, तर तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात असंबद्धता, ही साखर उतरल्याची लक्षणे वयोवृद्धांमध्ये 'उपवास सोसला नाही' म्हणून अंगाखाली घातली जातात. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही जाण घरातील सुनेला आणि नातवंडांना असायला हवी. भाजीतले कारले आणि लाडवातली मेथी यांचा येथे प्रश्न नाही. अन्न म्हणून जे खाल्ले जाते आणि औषध म्हणून रोज नेमाने जे घेतले जाते, यांतील भेद स्वयंपाकघराला कळतो. तो बाजाराने पुसून टाकला आहे.

ज्येष्ठमध हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. गायकाच्या, कीर्तनकाराच्या, शिक्षकाच्या खिशात त्याचा तुकडा असतो. घसा बसला की तो चघळावा, यात वावगे काही नाही. पण त्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य पोटात गेल्यावर मूत्रपिंडातील एका विकराला अडवते. ते विकर द्वारपालाचे काम करते. कॉर्टिसोल या संप्रेरकाला मूत्रपिंडात दुसऱ्याच संप्रेरकाची, अल्डोस्टेरॉनची, भूमिका करू देत नाही. द्वारपाल बाजूला झाला की शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम वाहून जाते, रक्तदाब चढतो. १९४६ साली नेदरलँड्समधील डॉ. रेव्हर्स यांना पोटातील व्रणासाठी ज्येष्ठमधाचा अर्क घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर सूज दिसली, तेव्हा हा प्रकार प्रथम वैद्यकाच्या ध्यानात आला. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये चोपन्न वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. काही आठवडे ते रोज ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची दीड पिशवी संपवीत, पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरून हृदय थांबले. आता हाच परिणाम जर अशा व्यक्तीत झाला, जी दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन घेत आहे, अथवा रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत आहे? प्रेडनिसोलोन स्वतःच मीठ साठविते, ती गोळी पोटॅशियम घालविते, आणि ज्येष्ठमध दोन्ही कामे करते. २०२०च्या महामारीत आयुष मंत्रालयाने सुचविलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी एवढीच द्रव्ये होती. ज्येष्ठमध त्यात घरोघरी आपापल्या मनाने वाढविले गेले, आणि काढा दिवसातून चार-चार वेळा घेतला गेला. पायांवर सूज, स्नायूंत गोळे, अचानक न आवरणारा रक्तदाब असे काही झाले तर घरातील काढ्यात काय आहे हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

मिरीचा उल्लेख आला म्हणून पुन्हा हळदीकडे येणे भाग आहे. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूची योजना प्राचीनांनी इतक्या कल्पांत का केली, याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घेतला. मिरी-पिंपळीतील पायपेरिन इतर औषधांचे शोषण वाढविते, असे त्यातून पुढे आले. २००९ साली क्षयरोगाचे एक औषध याच तत्त्वावर, कमी मात्रेत रिफॅम्पिसिन आणि जोडीला पायपेरिन घालून, भारतात बाजारात आले. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखविले, की वीस मिलिग्रॅम पायपेरिनमुळे हळदीतील करक्युमिन माणसाच्या रक्तात वीस पटींनी अधिक पोहोचते. आता बाजारातील करक्युमिनच्या बहुतेक कॅप्सूलांत पायपेरिन असते ते यामुळेच. ही सारी अभिमानाची गोष्ट आहे, आणि त्याच अभिमानाने पुढचीही ऐकली पाहिजे.

स्तनांच्या कर्करोगावरील उपचारानंतर अनेक भगिनींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. ती इस्ट्रोजेन या संप्रेरकाला कर्करोगाच्या पेशींपासून दूर ठेवते. यकृत तिचे रूपांतर एंडॉक्सिफेन या अधिक प्रभावी द्रव्यात करते, आणि आजार परतू नये यासाठीचे काम मुख्यत्वे तेच करते. २०१९ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील कर्करोगतज्ज्ञांनी सोळा रुग्णांवर केलेल्या अभ्यासात करक्युमिन आणि पायपेरिन एकत्र दिल्यावर रक्तातील एंडॉक्सिफेन सुमारे बारा टक्क्यांनी घटले. ज्यांच्या रक्तात ते आधीच काठावर असेल, त्यांच्यासाठी बारा टक्के थोडे नाहीत. तेथे दिलेली मात्रा रोज साडेतीन ग्रॅमहून अधिक करक्युमिनची होती. आमटीतील हळदीत करक्युमिन असते ते शेकडा काही अंश. म्हणून त्या भगिनीने हळद घातलेले वरण सोडण्याचे काही कारण नाही. आप्तेष्टांनी काळजीपोटी आणून दिलेली करक्युमिनची बाटली मात्र कर्करोगतज्ज्ञांना दाखविल्याशिवाय उघडू नये. घरात कोणाला हा आजार झाला की प्रत्येक पाहुणा काहीतरी घेऊन येतो. त्यातली माया खरी असते, आणि नाही म्हणणे रुग्णाला जड जाते. घरातील एका कर्त्या माणसाने ते काम स्वतःकडे घ्यावे.

परदेशी शिकावयास किंवा नोकरीस गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांनी आणखी एक नाव ध्यानात ठेवावे. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातील पिवळ्या फुलांची वनस्पती उदासीनतेवर तेथे सर्रास मिळते. ती यकृतातील विकरांना इतकी चेतविते, की गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके वेळेआधीच नष्ट होतात. २००० साली युरोपातील औषध प्रशासनांनी याबाबत इशारे दिले. २०१४ साली ब्रिटनने तो पुन्हा दिला, कारण त्वचेखाली बसविलेले गर्भनिरोधक असतानाही ही वनस्पती घेणाऱ्या दोन स्त्रियांना गर्भ राहिल्याची नोंद झाली होती. पाश्चात्त्यांची वनस्पती आहे म्हणून ती सुरक्षित, असा जर कोणाचा समज असेल तर तोही सोडावा.

याहून गंभीर प्रकार म्हणजे वनौषधीच्या नावाखाली काही वेगळेच विकले जाणे. दमा आणि सांधेदुखीवरील निनावी पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड मिसळलेली सापडतात. पहिल्या आठवड्यातच रुग्णाला नवा जन्म मिळाल्यासारखे वाटते, तो दहा जणांना पत्ता देतो. महिने लोटतात, चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम विसरतात. मग कोणीतरी पुडी बंद करावयास सांगते, आणि एकाएकी बंद केल्यामुळे रक्तदाब कोसळून रुग्ण अत्यवस्थ होतो. म्हणून अशी पुडी दीर्घकाळ घेतलेल्या व्यक्तीने ती सोडतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ज्या पुडीवर घटकद्रव्यांची यादी नाही, उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, तुकडी क्रमांक नाही, ती आयुर्वेदिक औषध नव्हे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठी १९६४ पासून स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा मनाई करतो. वेष्टन नीट पाहिले तर आणखी एक भेद दिसेल. काहींवर राज्य शासनाचा आयुर्वेदिक औषधाचा परवाना असतो, तर काहींवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक. दुसऱ्या प्रकारचे उत्पादन कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे, औषध नाही, मग वर कितीही संस्कृत नाव असो.

या साऱ्यात रुग्णाचे मौन हा मोठा अडथळा आहे, आणि त्याला केवळ रुग्ण जबाबदार नाही. 'काढे-बिढे घेता कशाला?' असे फटकारणारे डॉक्टर पाहिले की रुग्ण पुढच्या वेळी सांगणेच सोडून देतो, घेणे सोडत नाही. तिकडे वैद्यांपुढे ॲलोपॅथीची गोळी सांगितली तर ते नाराज होतील, अशी भीती. दोन्ही दरवाज्यांवर माणूस अर्धेच बोलतो. ज्या डॉक्टरांनी पाच वर्षे या देशात वैद्यक शिकले, त्यांना अश्वगंधा आणि गुग्गुळ यांचे किमान व्यवहार ठाऊक नसावेत, ही त्यांच्या शिक्षणातील उणीव आहे. तशीच थायरॉक्सिन आणि टॅमॉक्सिफेन यांची नावे न ऐकलेला वैद्य आजच्या काळात अपुरा आहे. आरोग्यकेंद्रे आणि वस्तीतील तपासणी शिबिरे चालविणारे कार्यकर्ते येथे पुष्कळ करू शकतात. शिबिराच्या नोंदवहीत 'चालू औषधे' या रकान्याखाली चूर्ण, काढा, भस्म, कॅप्सूल, प्रथिनांची पूड असे स्पष्ट शब्द छापले, तर रुग्ण सांगतो. नुसते 'औषधे' विचारले की तो डॉक्टरांची गोळी तेवढी सांगतो, कारण मेथीचे पाणी त्याच्या लेखी औषध नसते. एखादे चूर्ण सुरू केले किंवा बंद केले, तरी तारीख लिहून ठेवावी. थायरॉक्सिनच्या मात्रेत बदल झाला तर रक्तातील तोल स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते.

आणि काही विपरीत घडले, तर ते घरात दडपू नये. आयुर्वेदिक औषधांच्या अपायांच्या नोंदी घेण्याची व्यवस्था आयुष मंत्रालयाने उभी केली असून नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आधुनिक औषधांसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ असा आहे. कळविताना औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव, तुकडी क्रमांक, कधी सुरू केले, कधी त्रास झाला, आणि त्याच काळात आणखी कोणकोणत्या गोळ्या चालू होत्या, एवढे सांगावे लागते. त्यासाठी रिकामी बाटली किंवा डबी फेकून न देता, वरच्या कागदासह जपून ठेवावी.